लाल गोल

सम्राटनं पाठवलेल्या सीसीटीव्ही फुटेजमध्ये एक मुलगी एका लहानग्याला लाटण्यानं मारत होती, आणि तीनदा मारत होती. पहिल्यांदा झपकन. दुसऱ्यांदा सावकाश, हात पाण्यातून ओढत आणावा तसा. तिसऱ्यांदा अगदी जवळ जाऊन, लाटणं त्याच्या कपाळाशी नेऊन, तिथंच थांबून. चॅनेलवर फुटेज कापायचं काम करणारा प्रसेनजीत वैतागला. सम्राट हा चॅनेलचा बातमीदार, दिवसभर गावभर हिंडणारा, आणि त्याला शंभरदा सांगून झालं होतं की बाबा रे, कच्चं पाठव, कुठल्या तरी ग्रुपवर कुणी तरी आधीच स्लो करून फिरवलेलं पाठवू नकोस, ते काम माझं आहे. एक सणसणीत शिवी देऊन त्याला फोन लावायला तो उठणार तेवढ्यात त्याची नजर कोपऱ्यातल्या आकड्यांवर गेली. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं, सात सेकंद. फुटेज परत फिरवलं की हे आकडेही मागं येतात, स्लो केलं की तेही रेंगाळतात. इथं आकडे मागं आले नव्हते, रेंगाळलेही नव्हते. आठ, नऊ, दहा करत ते आपले निवांत पुढं चालले होते. म्हणजे कुणी काहीच केलं नव्हतं. ती पोरगीच तीनदा मारत होती, आणि दुसऱ्या वेळी ती स्वतःहून सावकाश झाली होती.

आठ वर्षांच्या सवयीनं हात माऊसवर गेला. लाल गोल तयारच असतो, उचलायचा आणि ठेवायचा. तो लहानगा उभा होता तिथं गोल ठेवायला गेला, तर फरशीवर गोल आधीच होता. खडूचा, वाकडातिकडा, लाल. त्यानं फुटेज मागं नेलं. मुलगी वाकून त्या पोराच्या पायांभोवती खडू फिरवत होती आणि पोरगा हसत होता, हात मांड्यांना चिकटवून उभा होता. तिनं बोट नाचवून त्याला काही तरी सांगितलं, हलू नको असं असावं, आणि तो बिचारा खरंच हलला नाही. मग लाटणं. मग तो मटकन खाली बसला. आणि सगळं उरकल्यावर मुलगी मान वर करून थेट कॅमेऱ्याकडं बघत राहिली. तोंड दिसत होतं, तरी प्रसेनजीतनं आधी ओळखली ती सायकल. खांबाला टेकलेली, सीटवर पिवळी पिशवी बांधलेली. आबांची, त्याच्या वडिलांची सायकल. वारणानगरहून टेम्पोत घालून आणलेली, मोडीत घालू देत नाहीत म्हणून त्यांच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये अडगळ होऊन पडलेली. मग त्याला पोरीकडं बघावंच लागलं. निळा फ्रॉक, कमरेची नाडी सुटून लोंबणारी. मितू. संघमित्रा. सात वर्षांची त्याची एकुलती एक मुलगी. आणि खाली बसलेला तो समोरच्या फ्लॅटमधल्या वर्षाराणीचा यशराज, चार वर्षांचा, दीदी दीदी करत दिवसभर तिच्या पाठीमागं शेपटासारखा हिंडणारा.

त्याला वाटलं होतं की अशा वेळी माणूस ओरडतो, खुर्ची मागं सारून धावत सुटतो. त्यानं यातलं काही केलं नाही. त्यानं फुटेज पुन्हा पहिल्यापासून लावलं. का लावलं? खात्री करायला, असं तो स्वतःला म्हणाला. पण खात्री तर झाली होती, सायकल काही बदलणार नव्हती. तो बघत होता आणि बघता बघता त्याच्या मनात आलं, की गोल थोडा डावीकडं गेलाय, पोरगा मधोमध यायला हवा होता. हे मनात आलं आणि त्यानं माऊसवरचा हात झटकन काढून घेतला. या खोलीला खिडकी नव्हती. शाहूपुरीतल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानावर चॅनेलचं ऑफिस, त्यातली ही सगळ्यात आतली खोली, एसीचं पाणी बादलीत ठिबकणारी. मोबाईल आत आणायला बंदी. मागं एकदा एक फुटेज इथूनच बाहेर गेलं होतं, तेव्हापासून सगळ्यांचे मोबाईल बाहेर पत्र्याच्या डब्यात. त्याचाही तिथंच होता. म्हणजे पावणेबारापासून, तीन तास, घरात काय चाललंय हे गावातल्या कितीक ग्रुपांना ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं.

लाल गोल ही काही त्याची अक्कल नव्हती. चॅनेलचे मालक विजयसिंहदादा. त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याला शेजारी बसवून शिकवलं होतं. कॅमेऱ्यात काय असतं? राखेच्या रंगाचा चौक, मुंगीएवढी माणसं. कुणी कुणावर कोयता उगारला तरी चहा पिणाऱ्या माणसाला पत्ता लागत नाही. "पयल्यांदा कुणाला दिसत न्हाई, प्रसेन," दादा म्हणाले होते. "म्हणून तीनदा दाखवायचं. एकदा सरळ. एकदा सावकाश. तिसऱ्यांदा जवळ जायाचं आन् थांबायचं. गोल लावायचा, धाडकन आवाज लावायचा. मग माणूस कप खाली ठेवतंय." आणि खरंच ठेवायचं. गावात पानपट्टीवर, सलूनमध्ये, डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर त्यानं स्वतः बघितलं होतं, लोक बोलता बोलता गप्प व्हायचे आणि सगळ्या माना त्याच्या गोलाकडं वळायच्या. तो अंगातून सुखावायचा, खोटं कशाला बोला. आपण कोण, तर वारणानगरच्या साखर कारखान्यातल्या कामगाराचं पोर. आणि आपण म्हणू तिथं अख्खं कोल्हापूर बघतं.

आबांनी मात्र त्याला एकदा बघू दिलं नव्हतं. तो आठ वर्षांचा असेल. कारखान्याच्या वसाहतीत, गेटसमोर, ऊसतोडीच्या दोन माणसांची जुंपली होती आणि एकाच्या हातात कोयता होता. आबा पाळीवरून परत येत होते, प्रसेनजीत सायकलच्या नळीवर बसलेला. त्याच सायकलच्या. आबांनी एक हात हॅण्डलवरचा काढला आणि त्याच्या डोळ्यांवर दाबून धरला. तळव्याला मळीचा वास, आंबूस गोड, तो आजही नाकात येतो. अंधारात त्याला फक्त आवाज ऐकू आले. एक बाई किंचाळली, मग एक ओला, जड आवाज, मग कुणीच काही बोलेना. आबा एका हातानं सायकल चालवत घरापर्यंत आले आणि तोवर त्यांनी हात काढला नाही. पुढं कितीतरी वर्षं त्याला राहून राहून वाटायचं, त्या हाताच्या पलीकडं काय होतं? बाकीच्या पोरांनी बघितलं होतं, ती शाळेत सांगायची, प्रत्येक जण निराळंच सांगायचा. त्याला एकट्याला काही सांगता यायचं नाही. ही नोकरी त्यानं धरली ती याच्यासाठी असं तो कुणाला कधी म्हणाला नव्हता, पण एकेक चित्र थांबवून, मागंपुढं करून, कोयता नेमका कुठं लागला हे शोधताना त्याला तो मळीचा वास यायचा आणि आता कुणी आपले डोळे झाकू शकत नाही म्हणून बरंही वाटायचं.

आणि म्हणून त्यानं मितूचे डोळे कधी झाकले नाहीत. हे त्याला आत्ता, बादलीत पडणारे थेंब ऐकताना, स्पष्ट कळलं. रविवारी तो घरी लॅपटॉपवर काम करायचा. रूपाली, त्याची बायको, एका खाजगी दवाखान्यात नर्स. तिची रविवारी हमखास ड्यूटी. मितू मांडीवर येऊन बसायची. उठवली की रडायची, म्हणून एकदा सहज गंमत म्हणून त्यानं विचारलं, "मितू, सांग, कुठं बघायचं?" आणि तिनं क्षणात पडद्यावर बोट ठेवलं. राखेच्या रंगाच्या त्या गर्दीत नेमका तोच माणूस, ज्याला पुढच्या चार सेकंदांत मार बसणार होता. प्रसेनजीत चाट पडला. त्याला स्वतःला दोनदा बघावं लागलं असतं. मग तो खेळच झाला. तिनं बोट ठेवायचं, त्यानं तिथं गोल ठेवायचा, बरोबर आलं की एक चिक्की. पोरगी कधी चुकली नाही. कोण मारणार यापेक्षा कोण मार खाणार हे तिला लवकर कळायचं. तो कसा उभा असतो त्यावरून, असं ती म्हणायची. "एकदाच का न्हाई दाखवायचं, पप्पा?" तिनं विचारलं होतं, आणि त्यानं दादांचं वाक्य जसंच्या तसं तिला दिलं होतं. वर ऑफिसात येऊन सम्राटला कौतुकानं सांगितलं होतं, आमच्या पोरीची नजर बघ. सम्राट म्हणाला होता, "लेका, तुझी खुर्ची जातीया बघ." दोघं खूप हसले होते.

आबांनी तरी बोलायला हवं होतं. आबा घरीच असायचे, टीव्ही दिवसभर लागलेला, अकराच्या बातम्या, एकच्या, पाचच्या, आणि मितू त्यांच्या खाटेवर पाय हलवत बसलेली. एकदा रूपालीनं चिडून टीव्ही बंद केला, तर आबाच म्हणाले, "बघू दे की. बापाचं काम हाय ते. पोरीनं बापाचं काम बघू न्हाई व्हय?" ज्या हातानं त्याचे डोळे झाकले तो हात आता म्हातारा होऊन खाटेच्या कडेवर पडलेला असायचा आणि नातीच्या डोळ्यांकडं जायचा नाही, कारण पडद्यावरचा गोल मुलानं लावलेला होता. आबांना मुलाचा अभिमान होता. प्रसेनजीतला वाटलं, याचा दोष मी आबांना देतोय. त्याला स्वतःची किळस आली, पण दोष देणं थांबेना.

दार ढकलून विजयसिंहदादा आत आले. हातात चहाचा कप, खांद्यावर एसीच्या गारठ्यासाठी घेतलेला टॉवेल.

"बघितलास काय? पयली बातमी हाय पाचला. गावात दुसरा विषय न्हाई."

"बघतोय," प्रसेनजीत म्हणाला.

"पोरगी केवढी, सात-आठ वर्षांची आसंल. कळ काढली न्हाई, भांडाण न्हाई, काय न्हाई. ह्ये सगळं टीव्हीवर बघून व्हतंय बघ." दादा हे अगदी मनापासून म्हणाले, त्यांच्या तोंडावर खरंच काळजी होती, त्यांनाही दोन नातवंडं. "साडेपाचला चर्चा ठिवलीया. मानसोपचारवाल्या डॉक्टरांना बोलावलंय. टीव्हीमुळं पोरं मारकुटी हुत्यात काय, आसा विषय. अर्धा तास. तवर मागं हेच फिरवत ठेव. तोंड तेवढं पूस, बारकं पोरगं हाय, कायद्याचं झंगाट नको."

"कुणाची पोरगी, कळलं काय?"

"सम्राट काढतोय की नाव. कळंल." दादा वाकून पडद्याकडं बघू लागले. "गोल कुणी काढला रं हितं?"

प्रसेनजीतनं खुर्ची त्यांच्याकडं वळवली. ती माझी पोरगी आहे, दादा. एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं तर दादा पाठीवर हात ठेवतील, आणि मग बापाला चर्चेत बसवतील, त्यांना ते चुकीचंही वाटणार नाही. मग नाव बाहेर येईल. नावामागं आडनाव. आडनाव कळलं की बातमीखाली कमेंट लिहिणाऱ्यांना पुढचं सगळं, जातीसकट, आपोआप कळतं, कोण, कुठले, यांचं असंच असतं. आणि समोरचं पोर वर्षाराणीचं, दुसऱ्या जातीतलं, म्हणजे बातमीला निराळाच रंग. हे सगळं खरं होतं. पण तो गप्प बसला तो यामुळं नव्हे. त्याला लाज वाटली. गोल कुणी काढला याचं उत्तर त्याला ठाऊक होतं, आणि ते उत्तर मितू हे नव्हतं.

"तिनंच काढलाय," तो म्हणाला.

"कमाल हाय," म्हणून दादा चहा पीत निघून गेले.

त्याला उठून जाता आलं असतं. तो बसला. मी नाही केलं तर दुसरा कुणी करेल, आणि तो तीनदा दाखवेल, असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि समजूत पटली हे बघून त्याला आश्चर्यही वाटलं. त्यानं मितूचं तोंड पुसलं. नाक, डोळे, कपाळ, सगळं धुरकट करून टाकलं, हवं होतं त्याच्या दुप्पट. निळा फ्रॉक राहिला, म्हणून फ्रॉकचा रंग काढून घेतला. सायकल काढली. खडूचा गोल फिकट करत करत फरशीत मिसळून टाकला, आणि मग पहिला फटका तेवढा ठेवून पुढचे दोन कापले. आठ वर्षांत प्रथमच त्यानं एक मारहाण एकदाच दाखवली. आवाज लावला नाही. चौदा सेकंदांची ती मुकी बातमी त्यानं पुढं पाठवली, उरलेलं पुसलं, आणि बरं वाटत नाही असं कुणाला तरी सांगून बाहेर आला.

डब्यातल्या मोबाईलवर अकरा मिस्ड कॉल होते. सात आबांचे, चार रूपालीचे. रूपालीला लावला तर पहिल्याच रिंगला तिनं उचलला. मागं दवाखान्याचे आवाज येत होते.

"हुतासा कुठं?" ती रडून रडून कोरडी झाली होती. "भुवईवर नऊ टाके पडल्यात. डोळा उघडतच न्हाई त्याचा. सूज उतरल्याबिगार काय सांगता येत न्हाई म्हणतेत. परवा कळंल, दिसतंय का न्हाई."

"वर्षाराणी काय म्हणती?"

"काय म्हणंल? माझ्याशी बोलंना झालीया. मी यशराजचं डोस्कं मांडीवर घेऊन बसलो तर म्हणली, उठ. एवढंच म्हणली." मग तिनं आवाज खाली आणला. "आनी म्हणली, तुमची पोरगी मारताना तोंडानं आवाज काढत हुती. तुमच्या चॅनेलचा. मी वरनं ऐकलो, मला वाटलं टीव्हीच लागलाय."

तो खिशात स्कूटरची किल्ली चाचपू लागला.

"आयकताय न्हवं? घरला जावा. तिला मारू नगासा. आदी बोला तिच्याशी."

"आजवर कधी मारलंय?" तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

दसरा चौकातून, बिंदू चौकातून, ज्या ज्या चौकाचं फुटेज त्यानं कधी ना कधी कापलं होतं त्या सगळ्या चौकांतून तो स्कूटर हाणत गेला. मे महिन्याचं ऊन कललं होतं, उसाच्या रसाच्या गाड्यांभोवती माणसं उभी होती. सिग्नलला एक मुलगा आईच्या गाडीवर मागं बसून आइसकांडी चोखत होता आणि प्रसेनजीतच्या नजरेनं त्याला उचलून त्याच्याभोवती गोल टाकला. त्यानं डोळे मिटले. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत ओरडला, "ओ पावणं, झोपलासा काय!" काय बोलायचं मितूशी? यशराजला लागलंय, असं म्हणावं. ते तिला माहीत होतं. मारणं वाईट, म्हणावं. तेही शाळेत शिकवलं होतं. तू असं का केलंस, हे तर विचारायची त्याला छातीच होत नव्हती. त्याला तिला फक्त उचलून घ्यायचं होतं आणि तिच्या डोळ्यांवर हात ठेवायचा होता. आता त्याचा काही उपयोग नव्हता हे कळत असूनही तेवढंच करावंसं वाटत होतं.

पार्किंगमध्ये फरशी कुणी तरी धुतली होती. तरी खांबाजवळ लाल खडूचं बोटभर वळण राहिलं होतं. समोरच्या फ्लॅटला कुलूप. आपलं दार उघडंच. आत आबा खाटेवर गुडघे जवळ घेऊन बसले होते आणि त्याला बघून त्यांचं तोंड लहान पोरासारखं वेडंवाकडं झालं.

"मी वाईच पडलो हुतो रं," ते म्हणाले. "डोळा लागला. लाटणं कवा नेली कळलंबी न्हाई."

टीव्ही लागलेला होता. नुकतेच पाच वाजून गेले असावेत, कारण पडद्यावर पार्किंग होतं, रंग उडालेलं, सायकल नसलेलं, आणि धुरकट तोंडाची एक मुलगी हात उगारत होती. हात खाली आला, बातमी संपली, बातम्या देणारी बाई पाण्याच्या टंचाईबद्दल बोलू लागली. मितू पडद्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तोच फ्रॉक, नाडी तशीच सुटलेली. ती वळली. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. रडू होतं, पण ते रुसल्याचं, आपला वाढदिवस विसरलेल्या माणसाकडं बघताना असतं तसं.

"पप्पा, माझं तोंड का पुसलासा?"

तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. "मितू, यशराजला लई लागलंय. त्याचा डोळा..."

"गोल पन न्हाई ठेवलासा. मी काढलो हुतो की. तो हललाबी न्हाई." तिनं पडद्याकडं बोट केलं. "आनी एकदाच दाखवलासा. मी तीनदा केलो. सावकाशबी केलो, जवळ जाऊनबी केलो. पयल्यांदा कुणाला दिसत न्हाई, तुमीच म्हणता की."

त्याचा हात कधी उठला ते त्याला कळलं नाही. आवाज मात्र ऐकू आला, छोटा, ओला. मितूची मान एका बाजूला गेली आणि गालावर चार बोटं उमटू लागली. खाटेवरून आबा "आरं, आरं" करत उठले, हात पुढं करून, पण तो कुणाचे डोळे झाकायला आला होता ते त्यांनाच समजेना आणि तो मध्येच राहिला.

मितू रडली नाही. पळून आबांच्या मागंही गेली नाही. तिनं मान हळूच सरळ केली, तोच गाल पुन्हा पुढं आणला, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले, आणि डोळे घट्ट मिटून, न हलता, उरलेल्या दोन वेळांची वाट बघत उभी राहिली.